आहे, पण हाताशी नाही

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी, बँकेवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर खातेदारांच्या रांगा लागल्या आणि कळले ते असे, की पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून मिळून एक हजार रुपये काढता येतील. खात्यात वीस हजार असोत की वीस लाख, मिळणार हजार. ही मर्यादा पुढे दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार अशी टप्प्याटप्प्याने वाढली. २०२२ च्या जानेवारीत बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या आत होत्या त्यांना विम्यातून पैसे मिळाले. त्यावरच्या रकमा हप्त्याहप्त्याने, थेट दहा वर्षांपर्यंत लांबल्या.

रांगेतल्या कुणाचे काही चुकले होते असे नाही. उधळपट्टी नव्हती, सट्टा नव्हता. काटकसरीने साठवलेले पैसे होते, पासबुकात आकडाही बरोबर होता. फक्त ज्या दिवशी हवे होते त्या दिवशी ते हातात येत नव्हते.

घरातल्या पैशांबद्दल बोलणे निघाले, की आपला पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हा असतो. ठेवीला किती, पोस्टात किती, फ्लॅटचा भाव गेल्या पाच वर्षांत किती टक्क्यांनी चढला. ‘हे पैसे मला कधी मिळतील?’ असे विचारणारा भेटतो तो शंभरात एखादा. टक्क्या-दोन टक्क्यांच्या फरकाने संसार मोडत नाहीत. दारात अँब्युलन्स उभी आहे, दहा लाखांची पॉलिसी आहे, सत्तर लाखांचा फ्लॅट आहे आणि खात्यात अकरा हजार आहेत, अशा अवस्थेत ते मोडतात.

ठेवींपासूनच सुरुवात करू. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंतच्या रकमेचे विमासंरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतल्या ठेवींची बेरीज करतात. कोथरूडच्या शाखेत चार लाख आणि सदाशिव पेठेतल्या शाखेत चार लाख ठेवून आपण शहाणपणा केला असे कुणाला वाटत असेल, तर तसे नाही. बँकच वेगळी हवी. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हटकून विसरली जाते, ती अशी की पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण लागू नाही. एक-दीड टक्का जास्त मिळतो, चेअरमन ओळखीचे आहेत, पिग्मी एजंट रोज दुकानावर येतो, हे सगळे खरे. तरी निवृत्तीची सगळी पुंजी तिथे नेऊन ठेवायला ही कारणे पुरेशी नाहीत.

हाताशी किती असावे? सहा महिन्यांचा घरखर्च, असे सगळेच सांगतात. तो काढताना मात्र किराणा नि वीजबिल धरून थांबू नये. कर्जाचे हप्ते, शाळेची फी, विम्याचे हप्ते, आई-वडिलांची औषधे असे पगार थांबला तरी न थांबणारे सगळे त्यात यायला हवे. समजा महिन्याचे पन्नास हजार झाले, तर तीन लाख. हे तीन लाख एकाच मुदत ठेवीत घालू नयेत. पन्नास-पन्नास हजारांच्या सहा पावत्या कराव्यात. मुदतीआधी ठेव मोडली, तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. चाळीस हजारांची गरज पडली, तर एक पावती मोडायची. बाकीच्या पाचांना धक्का नाही. काम दहा मिनिटांचे आहे, पण ते आधी करावे लागते.

या बाबतीत जुन्या बायका हुशार होत्या, असे माझे मत आहे. भिशीच घ्या. बारा जणी, दरमहा दोन-दोन हजार, म्हणजे दर महिन्याला चोवीस हजारांची रक्कम एकीच्या हातात. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळाले आणि बाराव्या महिन्यात जिचा नंबर लागतो तिने वर्षभर बाकीच्यांना बिनव्याजी पैसे वापरायला दिले. हिशेबाने शेवटचीचे नुकसान आहे. पण भिशीतल्या बायका असे नुकसान मोजत बसत नाहीत. कुणाच्या घरी अडचण आली, तर चिठ्ठी बाजूला ठेवून तिचा नंबर पुढे घेतला जातो. बँकेने नाकारले असते अशा घडीला हातात चोवीस हजार पडतात. यात सगळा व्यवहार शब्दावर चालतो. १९८२ चा चिट फंड कायदा आहे, पण वाड्यातली किंवा ऑफिसातली भिशी त्याखाली नोंदवलेली नसते. म्हणून ज्यांच्या घरचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे अशांच्याच भिशीत शिरावे आणि दोनाचे वीस हजार होऊ देऊ नयेत.

सोन्याचेही तसेच. वेढणी घेऊन ठेवायची पद्धत दागिन्यापेक्षा किती तरी शहाणी, कारण तिच्यात घडणावळ जवळजवळ नसते आणि मोडताना घट कमी लागते. दागिना अंगावर मिरवतो, अडचणीला मात्र सराफ घडणावळीचे पैसे परत देत नाही. गहाण ठेवून कर्ज एका दिवसात मिळते, हा सोन्याचा खरा गुण. भाववाढीसाठी ते घ्यावे का, हा वेगळा वाद. त्यात मी पडत नाही.

पैसा मुद्दाम हाताबाहेर ठेवणे हेही कधी कधी फायद्याचे असते. पीपीएफ हे त्याचे चांगले उदाहरण. १९६८ च्या कायद्याने ही योजना आली. मुदत पंधरा वर्षे, वर्षाला कमाल दीड लाख, व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आणि ते करमुक्त. सातव्या आर्थिक वर्षापासून ठरावीक रक्कम काढता येते, त्याआधी तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज मिळते. शिवाय धनकोला कोर्टात जाऊन या खात्यावर जप्ती आणता येत नाही. धंदा करणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, पण पीपीएफकडे पगारदारांची योजना म्हणून पाहिले जात असल्याने दुकानदार तिकडे फिरकत नाहीत.

आता विम्याकडे येतो, कारण घरातला सर्वात जास्त पैसा चुकीच्या अपेक्षेने जिथे अडकतो ती जागा ही. नेहमीची गोष्ट अशी : मार्च महिना, कर वाचवायचा आहे, नात्यातलेच कुणी एजंट आहेत. ‘भावोजी, एक सही करा, वीस वर्षांनी रक्कम परत मिळेल, शिवाय विमा आहेच.’ वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता आणि दहा लाखांचे विमाछत्र. अशा पारंपरिक पॉलिसीवर साडेपाच टक्के परतावा धरला, तर वीस वर्षांनी १८ लाख ४० हजारांच्या आसपास येतात. तेच पन्नास हजार दरवर्षी ७.१ टक्क्यांनी गुंतवले असते, तर २२ लाखांच्या वर गेले असते. हा पावणेचार लाखांचा फरक मी एक वेळ सोडून देईन. खटकते ते दहा लाखांचे छत्र. घरखर्च महिना पन्नास हजार असेल, तर कर्ता माणूस गेल्यावर दहा लाख वीस महिने पुरतात. त्यानंतर मुलांचे शिक्षण, घराचा हप्ता, म्हाताऱ्या माणसांचे आजारपण हे कशावर चालणार?

निव्वळ मुदतीचा विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, इथे कामाला येतो. तिशीतल्या निर्व्यसनी, निरोगी माणसाला एक कोटीचे छत्र वर्षाला साधारण पंधरा हजारांच्या आसपास मिळू शकते. वय, तब्येत आणि कंपनीप्रमाणे कमी-जास्त. ‘पण काही झाले नाही तर पैसे बुडतातच ना!’ ही तक्रार मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकली आहे. जगलो म्हणून नुकसान झाले, अशी ही तक्रार. मुदत किती घ्यावी याचेही उत्तर सरळ आहे : आपल्या कमाईवर कुणी तरी अवलंबून असेल तोवर. ऐंशी वर्षांपर्यंतचे छत्र विकायला एजंट उत्सुक असतो, पण साठीनंतर मुले मिळवती झाली आणि कर्ज फिटले, की त्याची गरज उरत नाही.

कर्ज असलेल्यांनी, विशेषतः व्यावसायिकांनी, एक जुना कायदा ध्यानात ठेवावा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ चा आहे. त्याच्या सहाव्या कलमाखाली पत्नी नि मुलांच्या नावे पॉलिसी घेतली, की ती रक्कम त्यांच्यासाठीच्या विश्वस्त निधीसारखी होते आणि नवऱ्याच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करायची असते. अर्जाबरोबर एक साधा फॉर्म भरावा लागतो. एजंट आपण होऊन तो पुढे करील याची खात्री नाही.

करबचतीचे कारणही आता लंगडे झाले आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत कलम ८०सी ची वजावटच नाही. मार्चमधली सही त्यामुळे पुष्कळ घरांत आता कशाचाच कर वाचवत नाही. चुकून झालीच, तर पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते.

आरोग्यविम्याची गंमत बिलाच्या वेळी कळते. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि तीत खोलीच्या भाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. रुग्णालयात आठ हजारांची खोली मिळाली. चार दिवसांचे जास्तीचे बारा हजार आपण भरू, असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात खोलीबरोबर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग हे खर्चही पाचास आठ याच प्रमाणात कापले जातात. खोलीचे बत्तीस हजार, डॉक्टर आणि शस्त्रक्रिया मिळून एक लाख साठ हजार, औषधे नि तपासण्या साठ हजार, असे दोन लाख बावन्न हजारांचे बिल झाले, तर कंपनी वीस हजार, एक लाख आणि साठ हजार, म्हणजे एक लाख ऐंशी हजार देते. औषधे आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत, एवढाच दिलासा. खिशातून गेले बहात्तर हजार. डिस्चार्जच्या काउंटरवर नेमका हाच धक्का बसतो. उपाय दोनच : खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, नाही तर दाखल होताना मर्यादेतलीच खोली मागावी.

आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. म्हणजे रक्तदाबाची गोळी पन्नाशीत सुरू झाल्यावर पॉलिसी घेतली, तर तिचा खरा उपयोग त्रेपन्नाव्या वर्षी. रक्तदाब लपवून अर्ज भरणारेही असतात. पाच वर्षे पॉलिसी सलग चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही; मात्र त्या पाच वर्षांतच आजारपण आले तर काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. कंपनीचा विमा आहे म्हणून स्वतःचा न घेणाऱ्यांचे छत्र नोकरीबरोबर जाते, आणि नोकरी जाण्याचा व आजारपणाचा काळ एकच असू शकतो.

मग येतो फ्लॅट. मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात गुंतवणूक म्हणजे हाच.

पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पंच्याहत्तर लाखांचा फ्लॅट पाहिला, असे धरू. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर असेल, तर एक टक्का कमी. नवऱ्याचे नाव जोडले की सवलत गेली. नोंदणी फी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे पावणेचार लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला हा जीएसटी नसतो, तरी ‘नवे कोरे’ या हौसेपायी लोक तो भरतात. हे झाले नऊ लाख तीस हजार. बँक या किमतीच्या घराला जास्तीत जास्त ऐंशी टक्के, म्हणजे साठ लाख कर्ज देते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्यात धरत नाही. तेव्हा पदरचे पंधरा लाख आणि वरचे नऊ लाख तीस हजार मिळून चोवीस लाख तीस हजार हातात असायला हवेत. ते कुठून येतात? मुदत ठेवी मोडून, सोने विकून, पीएफ काढून आणि वडिलांकडून. चावी हातात येते त्या दिवशी त्या घराकडे तिच्याशिवाय काहीही नसते. आणि त्याच महिन्यापासून हप्ता सुरू.

साठ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे : हप्ता सुमारे ५२,०७०. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याजात जातात, मुद्दल फिटते साडेनऊ हजारांच्या आसपास. वर्षभरात सव्वासहा लाख भरून मुद्दल सुमारे एक लाख वीस हजारांनी कमी झालेले असते. निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात. कर्जाचा तक्ता बँक मागितला की देते. तो सही करण्याआधी मागावा. व्याजदर वाढला की बँका हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारावरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांची कर्जे निवृत्तीच्या पलीकडे सरकली. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आता दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावाच लागतो.

बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केली, तर दंड नाही. दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तर वरच्या उदाहरणात कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. मोह होण्याजोगेच आहे. तरीही बोनस हाती आला की आधी त्या पन्नास-पन्नास हजारांच्या पावत्या कराव्यात आणि मगच कर्जाकडे वळावे, असे मी म्हणेन. साध्या गृहकर्जात भरलेले जादा पैसे बँक परत देत नाही, आणि फ्लॅटचे स्वयंपाकघर तेवढे विकता येत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घराच्या बाबतीत ‘कधी?’ या प्रश्नाचे उत्तर १ मे २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर लिहिलेले असते. प्रकल्पाचा क्रमांक टाकला की पूर्णत्वाची तारीख दिसते आणि ती किती वेळा पुढे ढकलली तेही. विक्री कार्यालयातली तारीख आणि इथली तारीख ताडून पाहावी. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ‘सणाची ऑफर आहे, वीस टक्के भरून टाका’ असे कुणी म्हटले, तर तिथून उठावे.

राहत्या घराचे गणित पैशात मांडू नये, हे मला मान्य आहे. घरमालकाच्या फोनची धास्ती संपणे याला किंमत आहे. दुसऱ्या फ्लॅटचे मात्र मांडावेच. पंच्याहत्तर लाखांच्या घराला वीस-बावीस हजार भाडे येते. त्यातून सोसायटीची देखभाल, मालमत्ताकर, दलाली, एखादा रिकामा महिना वजा केला, तर हाती राहतात अडीच ते तीन टक्के. उरलेली सगळी भिस्त भाववाढीवर, आणि ती वसूल होते विकल्यावर, ते गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. भाडेकरूशी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीचे थोडके पैसे वाचवण्यासाठी लोक हा धोका घेतात.

शेतजमिनीच्या प्लॉटविषयी एवढेच सांगतो : शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा घेताच येत नाही, आणि सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. बोजा तिथे लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय गुंठ्याचा भावही विचारू नये.

पैसा असून हाताशी नसण्याची सर्वात कठीण तऱ्हा घरातला माणूस गेल्यावर समोर येते. नॉमिनी लावला म्हणजे झाले, ही समजूत फार पक्की आहे. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून त्यांच्या वारसांत निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की शेअर आणि तत्सम गुंतवणुकीचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे ठरते. नॉमिनी पैसे स्वीकारतो, वाटप कायदा करतो. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुलांना मात्र लाभधारक मानले आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी होतो तो तात्पुरता सभासद. एकाच घरात तीन प्रकारच्या मालमत्तेला तीन वेगळे नियम, म्हणून मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार वयाने आपल्याहून लहान आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळायचे नाही असे असावेत.

मृत्युपत्र वाचले जाईपर्यंतचा महिना मात्र जोडखात्यावर काढायचा असतो. दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्याने व्यवहार करावेत, अशी सूचना असलेले नवरा-बायकोचे एक खाते हवे आणि दोन-तीन महिन्यांचा खर्च त्यातच हवा. जो कधीच बँकेत जात नाही त्याने वर्षातून एखाद्या रविवारी, दुसऱ्याला न विचारता, त्या खात्यातून वीजबिल भरून पाहावे, एक छोटी ठेव मोडून पाहावी, आरोग्यविम्याचे कार्ड शोधून काढावे. पहिल्या खेपेला बहुतेक घरांत ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, इथेच गाडी अडते.